एका डोळ्याचा नंदी

माघातली सकाळ. कोवळे, केशरी, संथ ऊन टेकडीच्या काळ्या कातळावर उतरत होते. उन्हात धूळ तरंगत होती. सोनेरी, सुंदर, निःशब्द धूळ. याच धुळीने भीमाण्णा पाथरवटाची छाती आयुष्यभर कणाकणाने भरत आणली होती. आता चार पावलांत त्याला धाप लागे.

अंगणात त्याचा नंदी बसला होता. शिंगे घडली होती, घंटामाळ घडली होती, एक डोळा उघडला होता. दुसरा तेवढा राहिला होता, आणि त्यातच भीमाण्णाचा जीव अडकला होता.

पण नागव्वाने त्या दिवशी नवऱ्याला दगड घडवायची टाकी हाती धरू दिली नाही. ओढतच दवाखान्यात नेले.

शुभ्र खोलीत डॉक्टरीणबाईंनी श्वास मोजायच्या यंत्राची नळी त्याच्या हाती दिली. खोल श्वास घ्या, म्हणाल्या, आणि छाती रिती होईतो फुंका. भीमाण्णाने फुंकले, आखूड, हलके, नेमके. पुन्हा तसेच. पुन्हा तसेच. यंत्राला ते पटेना, आणि बाईंच्या कपाळावर आठी उमटली.

नागव्वाला मात्र हसू फुटले. "बाई, ह्ये दगडावरची भुकटी झाडल्यागत फुंकत्यात. लांब फुंकलं तर डोळ्यात जाती न्हवं." मग ती नवऱ्याकडे वळली. "आवं, ही चुलीची फुंकणी समजा. जळण ओलं हाय. आता फुंका."

भीमाण्णाने डोळे मिटून फुंकले. ओले जळण धुमसण्याआधीच श्वास संपला. नागव्वाचे हसूही तिथेच संपले.

"फुप्फुसं निम्म्यानंही चालत नाहीत, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपायचं. अशा छातीला न्यूमोनिया झेपत नाही. लस देते. ताप आला तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी या. आणि टाकी आता खाली ठेवा."

"एक डोळा ऱ्हायलाय," भीमाण्णा म्हणाला. बाईंनी लशीची सुई भरायला घेतली.

सांजेच्या ताम्रवर्ण उन्हात तो नंदीपुढे बसला. न उघडलेल्या डोळ्यावर भुकटी साचली होती. सवयीने तो वाकला, सवयीने ओठ मिटून फुंकर घालू लागला, तोच नागव्वाने ओला पदर मध्ये घातला. डोळा तिनेच पुसला.

टाकी सुटणार याचे त्याला दुःख झाले, फार दुःख झाले. पण त्याला जगायचे होते.

"बघंल की त्यो एका डोळ्यानं," तो म्हणाला, आणि टाकी तिच्या हाती दिली.

ऊन निवले. धूळ निवली. नंदी एका डोळ्याने जागा होता, एका डोळ्याने निजलेला. आणि त्याच्या थंड, काळ्या पाठीला टेकून भीमाण्णा आपला आखूड, हलका, उरलेला श्वास घेत बसून राहिला.