काथ रंगाचा शेकाट्या

पाय एका जागी ठरत नव्हते. भूपेंद्रनं चहा घेतला, अर्धा ठेवला, मोबाइल काढला, खिशात घातला. खिसा पुन्हा थरथरला.

‘भूपेंद्रभाई, जोरदार!’

‘जागा कुठली? सांगा ना यार.’

‘भारतातली पहिली नोंद! आपल्या सुरतेत!!’

फोटो त्याचाच. रविवारी सकाळी काढलेला. पांडेसऱ्याच्या मिलांमागून भेस्तानकडे जाणारी खाडी, तिच्यात एक शेकाट्या. पांढरं अंग, काळे पंख, काडीसारखे लांब गुलाबी पाय. असे तिथं कधीही दिसतात, कुणी मान वळवून बघत नाही. ह्याच्या छातीवर मात्र आडवा पट्टा होता. लालसर तपकिरी, ठसठशीत.

असा पट्टा ऑस्ट्रेलियातल्या शेकाट्याला असतो. इथं नाही. आजवर कधीच नाही.

हे मुकुंद सरपोतदारांनी ग्रुपवर लिहिलं. सर बँकेतून निवृत्त झालेले, पक्षीमित्रांच्या ग्रुपचे कर्तेधर्ते. इतकी वर्षं भूपेंद्रच्या प्रत्येक फोटोला त्यांनी नुसता अंगठा दाखवला होता. सोमवारी फोन केला. स्वतः.

“अरे भूपेंद्र, तुझं नाव लागणार आता या नोंदीला! येत्या रविवारी सगळे येतोय. बडोद्याचे पण येतायत.”

तुझं नाव.

तो दिवसभर हवेत होता.

मग

मंगळवार. त्याच्या रंगाई मिलच्या लॅबचं टेबल. भूपेंद्रचं काम शेड जुळवण्याचं. पार्टी कापडाचा तुकडा पाठवते, हा बीकरमध्ये रंग मिसळून हुबेहूब तसाच रंग काढतो, मग खाली मशीनवर लॉट लागतो. टेबलावर मागच्या आठवड्यातला तुकडा पडला होता. नायलॉनची साडी, काथ रंग, लालसर तपकिरी. त्याच्या शेजारी मोबाइल. मोबाइलवर पक्षी.

छे.

मोबाइलच्या पडद्यावरून शेड जुळवणाऱ्याला तो स्वतःच वेड्यात काढतो. छे, छे. त्यानं तुकडा ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवर उघडला. बंद केला.

घरी त्याची बायको सुषमा भाकरी थापत होती. तो स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर.

“इतलं काय देखी ऱ्हायनात त्यामां?” ती म्हणाली. “पक्षी शे का जावई?”

“काही नही.”

“मंग बसा ना एक जागे. लादी झिजी जाई.”

बुधवारी पाळी सुटल्यावर, उजेड होता तोवर, तो खाडीवर गेला. कॅमेरा न घेता. मिलच्या मागच्या भिंतीतून पाइप बाहेर येतो. रंगाचं पाणी साफ होण्यासाठी टाकीकडे जायला हवं, पण घाई असली की ते इथून सरळ खाडीत सुटतं. सगळ्यांना माहीत. त्यालाही माहीत. पाइपाखाली फेसाचे ढीग, आणि त्या फेसात छातीपर्यंत शिरून शेकाटे किडे टिपत होते.

चिखलात एक पीस पडलं होतं. बुडाशी पांढरं, टोकाला काथ.

त्यानं ते रुमालात गुंडाळलं. चोरी केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडून कोंबडीचं पांढरं पीस आणलं. (“शेठ, फक्त पीस? कोंबडी कुणाला?”) धुतलं. बीकर, पाणी, त्या लॉटचाच रंग, खाली आच. नायलॉनला चढणारा रंग लोकरीला चढतो, रेशमाला चढतो. पिसाला का नाही चढणार? चढला. बघता बघता चढला.

दोन्ही पिसं लाइट बॉक्समध्ये ठेवली. आधी दिवसाचा उजेड. मग ट्यूबचा. मग दुकानातल्या पिवळ्या दिव्याचा. तिन्हींत एकच रंग. अशी शेड त्यानं डोळे मिटून पास केली असती.

केलीच होती. त्याची सही होती.

‘रविवारी किती वाजता?’

‘बडी लेन्स आणतोय.’

‘भूपेंद्रभाईंचा सत्कार पण करू.’

त्यानं लिहिलं: सर, एक बोलायचं होतं. पुसलं. लिहिलं: सर, मला वाटतं तो. पुसलं.

“सांगसू ते नोकरी जाई,” तो रात्री जेवताना सुषमाला म्हणाला. सगळं सांगून झालं होतं.

“नही सांगं ते?”

“ते नाव ऱ्हाई.”

“कोनं नाव?” ती ताटात वरण वाढत म्हणाली. “तुमनं का मिलनं?”

त्यानं भाकरी वरणात कुस्करली.

रविवार.

खाडीच्या काठावर एवढी माणसं त्यानं कधी पाहिली नव्हती. तिवईवर तोफांसारख्या लेन्सा. कुणी थर्मास उघडलेला, कुणी खमण वाटतंय. मुकुंदसरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि ती थाप त्याला इतकी आवडली की खिशातला रुमाल त्यानं आणखी आत सारला.

“आला! आला!”

फेसामागून पट्टेवाला शेकाट्या चालत आला. त्याच्या मागे दुसरा. त्यालाही पट्टा. मग तिसरा, पोटभर काथ. मग एक पिल्लू, अजून नीट उडताही न येणारं, अर्ध्या अंगाला रंग.

“थवा आहे!” सरांचा आवाज फाटला. “अरे, पिल्लू! इथं वीण केलीय त्यांनी! भूपेंद्र, तुला कळतंय का हे काय आहे?”

“सर, तो रंग आहे.”

“अप्रतिम रंग आहे!”

“नाही सर. रंग. साडीचा. मी काढलाय तो.”

कुणीतरी हसलं. “भूपेंद्रभाई, पक्षी आहे तो, साडी नाही!” मग बरेच हसले. शटर वाजतच होते. त्यानं रुमाल उलगडून दोन पिसं दाखवली. एकानं म्हटलं नंतर बघू. एकानं म्हटलं बाजूला व्हा, लाइट जातोय.

तो बाजूला झाला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आणि पाण्यात उतरला.

“ए! ए भाई! उडतील!”

“वेडा झालास का? भूपेंद्र! बाहेर ये!”

उडाले. सगळे एकदम, लांब पाय मागे ताणून, ओरडत. पिल्लू तेवढं गवतात दबून बसलं. काठावर बडोद्याच्या माणसानं शिवी घातली. भूपेंद्रनं वर पाहिलं नाही. फेस तुडवत, तोल सावरत तो भिंतीपर्यंत गेला. तिथं पाइप अजून गळत होता, कोमट, काथ. भिंतीवर वर मिलचं नाव मोठ्या अक्षरांत.

तो वळला. खिशातून मिलचं ओळखपत्र काढून गळ्यात घातलं, फोटोची बाजू पुढे करून.

“सर,” तो ओरडला, “आता फोटो काढा. माझा. पाइपासकट, नावासकट. आणि नोंदीत घाला.”

मुकुंदसरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे नाही असावं. मग भिंतीवरचं नाव वाचलं.

मग ते मोठ्या लेन्सच्या मागे वाकले.

भूपेंद्रचे पाय एका जागी ठरत नव्हते. पाण्यानं असेल, किंवा उद्याच्या पहिल्या पाळीनं.

“हलू नकोस,” सर म्हणाले.