चांदी उतरवलेली बंदूक

मुहन्नाने बंदूक कापडातून सोडवली आणि आईच्या मांडीवर आडवी ठेवली. म्हातारीने आधी तिच्यावर नुसता तळहात फिरवला. मग शेजारच्या डब्यातून चांदीची पहिली पट्टी काढली.

पाहुणा हुमैद कॉफीचा पेला हातात तसाच धरून बघत राहिला. तो सूर बंदरावरून आला होता. सकाळी निझवाच्या बाजारात त्याने ही जुनी मार्टिनी बंदूक विकायला खांद्यावर टाकून दोन फेऱ्या मारल्या, तेवढ्यात मुहन्नाने त्याला गाठलं आणि जेवायला घरी आणलं. ओळख ना पाळख, पण बंदूकवाल्या माणसाला मुहन्ना जेवल्याशिवाय सोडत नसे. गावात त्याची या बाबतीत पुरेशी थट्टा होई.

"आणली का आणखी एक सवत?" दारातून भाताचं ताट आत सरकवताना रय्या म्हणाली होती. बायको होती, तिला बोलायचा हक्कच होता. बैठकीच्या चारही भिंती भरल्या होत्या. तुर्की, इंग्रजी, कुठल्या कुठल्या लढायांतून फिरत आलेल्या त्या बंदुका दुपारच्या उन्हात भिंतीला टेकून डुलक्या घेत असल्यासारख्या दिसत. प्रत्येकीची हकीकत मुहन्नाला पाठ होती. आल्यागेल्याला तो ती सांगे, आणि सांगता सांगता त्याचा आवाज आपोआप खाली येई.

खरं तर त्याला एकच बंदूक हवी होती. बाकीच्या ती शोधता शोधता घरात आल्या.

डोंगरावरच्या लढाईला बाप निघाला तेव्हा मुहन्ना अंगणात खेळण्याइतका होता. त्याला बापाचा चेहरा आठवत नसे. कधी कधी पहाटे अर्धवट झोपेत तेलाचा वास येई, कोणीतरी त्याला उचलून घेई, दाढी गालाला टोचे, आणि मग ते सगळं विरून जाई. रिवाजाप्रमाणे बापाने निघताना बंदुकीवरची चांदी उतरवली आणि बायकोच्या ओंजळीत ठेवली. चांदण्यात चांदी लकाकते आणि शत्रूला नेम सापडतो, म्हणून त्या भागात सगळेच असं करत. परत आल्यावर बायकोने ती आपल्या हाताने चढवायची. विमानं आली, गुहा कोसळल्या, आणि पुष्कळांची चांदी डब्यातच राहिली.

सोनार पट्टी ठोकतो ती एकाच बंदुकीच्या मापाने. दुसरीवर ती एक तर डगडगते, नाही तर बसतच नाही. मुहन्नाच्या बापाच्या बंदुकीला पुढच्या लाकडावर एक खाच होती. ती भरायला सोनाराने पट्टीच्या आत एक बारीक दाणा ठेवला होता. आजवर त्या दाण्याला त्याची जागा सापडली नव्हती. आई डोळे मिटायच्या आत ती बंदूक मिळावी, बाप कुठे पडला ते तिला कळावं, एवढीच त्याची इच्छा होती. तो उठताबसता देवाकडे हेच मागे.

म्हातारीने पट्टी नळीच्या टोकावरून आत सरकवली. ती लाकडावर आली, थोडी अडली. म्हातारीने अंगठ्याने दाबलं.

टक् असा अगदी बारीक आवाज झाला.

धुपाचा धूर खोलीत सावकाश फिरत होता आणि मुहन्नाला वाटलं, आपण पुन्हा त्या पहाटेत आहोत. हुमैद खजुराची बी काढत होता, त्याला काही कळलं नाही. आईचा हात पट्टीवरून हलला नाही.

"ही तुझ्याकडे कुठून आली, बाळा?" तिने विचारलं.

"माझा बाप नाखवा होता, मावशी. आफ्रिकेला गलबत न्यायचा. एका उतारूने भाड्यापोटी दिली."

"कधी?"

"डोंगरावरची विमानं थांबली, त्याच्या दुसऱ्या वर्षी. झांजिबारला निघाला होता तो. बाप सांगायचा, मोठा हसरा माणूस. वाटभर गाणी म्हणून खलाशांना जागं ठेवलंन."

मुहन्नाने मान खाली घातली. बाप हसरा होता, गात होता. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"मग तो परत आला का?" म्हातारी म्हणाली.

"कसला येतोय. बापाने विचारलं होतं त्याला, बाबा रे, मागे कोण आहे तुझं? तर म्हणाला, कोणी नाही."

म्हातारीने डोक्यावरचं वस्त्र पुढे ओढलं. मग ती पट्टी काढायला लागली. पट्टी सहज निघेना. मुहन्ना पुढे झाला, तिने त्याचा हात बाजूला केला. नख घालून, दम खात, तिने ती सोडवली आणि डब्यात ठेवून झाकण लावलं.

"ही नाही," ती म्हणाली.

"आई, पण आवाज तर..."

"माझे डोळे गेलेत, हात नाही गेले. ही नाही म्हटलं ना. तुझा बाप डोंगरावर पडला. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

मुहन्नाला रडू आलं आणि रागही आला, पण तो कोणावर करावा हे त्याला समजेना. आईच्या अंगठ्यावर पट्टीची कड उमटली होती. ती त्याच्याकडे तोंड करून बसली होती आणि वाट पाहत होती.

"नाही खरी," तो शेवटी म्हणाला. "मलाच भास झाला."

हुमैद ओशाळला. पेला ठेवून तो कापड गोळा करू लागला.

"मग मी निघतो. तुमची नसेल तर उगाच कशाला गळ्यात घालायची? बाजारात जाईल कोणाला तरी."

त्याने बंदुकीला हात लावला, पण म्हातारीने ती मांडीवरून सोडली नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "मुहन्ना, याला काय द्यायचं ते दे. आणि ही भिंतीवर लावू नकोस. माझ्या खोलीत उभी करून ठेव, माझ्या उशाशी."

"पण मावशी, तुमची नाही म्हणता ना?"

"आमची नाहीच," ती म्हणाली. "पण त्या बिचाऱ्याचं मागे कोणी नाही म्हणालास ना? मग राहू दे आमच्यात."