धूर नाही, तर धुराडं कशाला?

अठ्ठावन्न सालची थंडी आठवणाऱ्यांपैकी आमच्या घरात आता मी एकटीच उरले. त्या साली पहाटे रांजणातल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरायचा आणि तो फोडताना बोटं कापायची. उभं पीक एका रात्रीत उकडल्यासारखं काळं पडलं. लग्न होऊन त्या घरात येऊन मला दुसरंच वर्ष होतं.

त्या हिवाळ्याला तोंड लागलं ते भांडणाने. शेजारची लोहारीण आणि माझ्या सासूबाई.

"अहो काकी, परवाच टोपलीभर कोळसा नेलात की! घरात भट्टी लावली का काय?"

"लावली. तुझ्या नवऱ्यापेक्षा चांगले फाळ ठोकते मी. भर टोपली गुपचूप."

"भरते हो. पण आमची भट्टी छपराखाली, चारी बाजूंनी मोकळी. तिला भिंत नाही. तुम्ही दारं लावून बसता."

"मग काय पोरीला उघड्यावर निजवू? कोळशाला हात आखडतो तुझा, म्हणून हे शहाणपण."

लोहारीण ऐकून घेणारी नव्हती. पण पोरीचं नाव निघालं आणि तिने मुकाट्याने टोपली भरली. आदल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या जावेचं पहिलं मूल महिन्याचं असतानाच गारठ्याने गेलं होतं. सकाळी सासूबाईंनी त्याला उचललं तेव्हा ते ओढ्यातल्या दगडासारखं गार लागलं. दीर लांब लाकडाच्या वखारीत कामाला, त्यांना सगळं उरकल्यावर कळलं. आता पुन्हा थंडीच्या तोंडालाच जाऊ बाळंत झाली, मुलगी झाली आणि सासूबाईंनी पदर खोचला. "एकदा फसले. आता वाऱ्याला या घरात पाऊल टाकू देत नाही," म्हणाल्या.

माती, शेण आणि भुसा तुडवून आम्ही भिंतींची चीर न् चीर लिंपली. आधी घरात लाकडं जळायची, पण धुराने पोरीचे डोळे गळायला लागले. म्हणून चूल मागच्या पडवीत गेली आणि घरात कोळशाची शेगडी आली. मग सासूबाई पाटावर पाट ठेवून चढल्या आणि भिंतीच्या माथ्याचं धुराडंही त्यांनी मातीच्या गोळ्याने बंद केलं.

"आत्या, तेवढं राहू द्या ना," जाऊ म्हणाली.

"धूर नाही, तर धुराडं कशाला? थंडी तिथूनच तर उतरते."

बोलणं बिनतोड होतं. आणि खरं सांगते, घर असं काही ऊबदार झालं, की बाहेरून आत पाऊल टाकलं की माहेरी आल्यासारखं वाटायचं. पोर गुलाबी होऊन झोपायची. सासूबाई तिच्याकडे बघत बसायच्या.

मग डोकी दुखायला लागली.

विहिरीवर गेलं की माझं डोकं उतरायचं, घरात आलं की पुन्हा ठणकायचं. सासूबाईंना सकाळी उमासे यायचे. "थंडी डोक्यात शिरली," त्या म्हणाल्या. त्यांनी कानाला फडकं बांधलं, शेगडीत आणखी कोळसा घातला आणि दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबल्या. तरी डोकी थांबेनात, म्हणून आणखी चिंध्या.

कोंबड्या रात्री घरातच डालग्याखाली असायच्या. त्या सकाळी अंगणात सोडल्या की दारू प्यायल्यासारख्या भेलकांडायच्या. आणि आमचं मांजर, जे एरवी चुलीच्या राखेतून उठायचं नाही, ते बाहेर दवात अंग चोरून बसायला लागलं. मी त्याला उचलून आत आणलं, तर माझा हात ओरबाडून पळालं.

"आत्या, मांजराला ऊब नको झाली म्हणजे काय हो?"

"माजलंय मेलं. दूध बंद कर त्याचं."

त्यात घुशीचा ताप. जावेच्या उशाशी, भिंतीच्या बुडाला, रोज सकाळी एक भोक उकरलेलं असायचं. सासूबाई ते रोज लिंपायच्या आणि घुशीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. "सगळं गाव सोडून या रांडेला माझीच भिंत सापडली!" जाऊ मान खाली घालून पोरीला पाजत असायची.

आम्ही दोघं नवराबायको तेव्हा गोठ्यात झोपायचो, कारण एक गाय दिवसांत होती. एका पहाटे मी दुसरीचं दूध काढत होते, तर कुंपणापलीकडून लोहारीण म्हणाली, "काय गं, तुमचा कोंबडा मेला का काय? आज आरवलाच नाही. आमचा म्हातारा त्याच्या भरवशावर अजून घोरतोय."

चरवी तशीच टाकून मी धावले. दाराला आतून कडी. हाका मारल्या, ओ नाही. तेवढ्यात खालून, त्या घुशीच्या भोकातून, पोरीचं बारीक कुंईकुंई ऐकू आलं.

ह्यांनी दाराला खांदा लावला, पण चिंध्यांनी ते गच्च बसलेलं. शेवटी लोहार घण घेऊन आला. दार कोसळलं आणि आतली ऊब आमच्या तोंडावर आली. इतकी छान ऊब, की त्या क्षणालासुद्धा माझं अंग सुखावलं. अजून आठवलं की त्या सुखाचीच भीती वाटते.

डालग्याखाली कोंबड्या आडव्या पडलेल्या. सासूबाई दाराच्या फटीला पाठ लावून निजलेल्या, वारा अडवायला. त्यांचे गाल नव्या नवरीसारखे लाल. मला वाटलं, किती छान झोप लागलीय! हाक मारली तर मान लुळी पडली. जाऊ भिंतीशी पालथी, तोंड भोकाजवळ आणि तोंडापुढे पोर.

सगळ्यांना ओढून दहिवरात आणून टाकलं. जावेला भडभडून उलटी झाली आणि तिने डोळे उघडले. हातात फुंकणी घट्ट धरलेली.

"धाकटे," ती म्हणाली, "घूस मीच होते गं. भट्टीला भिंत नाही, हे लोहारणीचं बोलणं डोक्यातून जाईना. आत्यांना तोंडावर सांगायची छाती नव्हती. त्या झोपल्या की या फुंकणीने टोकरायचे."

सासूबाईंनी डोळे उघडले ते दिवस मावळताना. उघडले, पण त्यामागचं माणूस पूर्ण परत आलं नाही.

दीर वखार सोडून कायमचे घरी आले. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर ते धुराडं फोडून दुप्पट मोठं केलं. लोहारीण जन्मभर ऐकवत राहिली, "माझ्या जिभेने तुमचं घर वाचवलं," आणि जन्मात पहिल्यांदाच तिला कुणी उलटून बोललं नाही. लोहार गेला, तीही गेली. हे गेले. जाऊ पिकल्या पानासारखी सहज गळाली. फुंकणी शेवटपर्यंत तिच्या उशाशी होती.

सासूबाईंनी पुढे पुष्कळ हिवाळे काढले. आमची नावं विसरल्या, स्वतःचंही. पण थंडी पडली की ओली माती मुठीत घेऊन भिंत चाचपत फिरायच्या. भोक लागलं की बुजवायच्या. त्यांच्या मागून ती पोर फुंकणी घेऊन जायची आणि एकेक भोक पुन्हा उघडायची.

"घूस आली का गं?" त्या वळून विचारायच्या.

"आली, आजी."

ती पोर आता स्वतः आजी आहे. गेल्या हिवाळ्यात मला तिच्या घरी घेऊन गेली. पक्कं घर, काचेच्या खिडक्या. निजानीज झाली तेव्हा तिने खिडकी चार बोटं उघडी ठेवली.

"आई, गारठा येतो ना," सून कुरकुरली.

"येऊ दे," ती म्हणाली.

मी पांघरूण छातीपर्यंत घेतलं, तोंड मात्र उघडं ठेवलं.