गुडघे टेकायची परवानगी

पोलिसाने रशेलला धरलं तेव्हा तिच्या अंगावर शाळेचीच जर्सी होती. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या त्या लहानशा गावात ती पहाटे धावायला निघाली होती. पोलीस एका पळालेल्या चोराच्या मागावर होता आणि रस्त्यावर पळणारी काळी व्यक्ती तेवढी एकच होती. बेड्या घालून त्याने तिला रस्त्याच्या कडेला बसवून ठेवलं, खरा चोर सापडल्यावर सोडलं.

तिच्या बास्केटबॉल संघाची कप्तान ओडेसा तडक मुख्याध्यापक व्हिटकर सरांकडे गेली. सरांना फार वाईट वाटलं. त्यांनी ताबडतोब सगळ्या मुलींना अंधारात चमकणाऱ्या जर्सी वाटल्या.

पुढच्या सामन्याला राष्ट्रगीत सुरू झालं तशी ओडेसा उभी न राहता निषेध म्हणून एका गुडघ्यावर बसली. तिच्यामागे अख्खा संघ बसला. शाळेला देणग्या देणारे दुकानदार खवळले. दुसऱ्या दिवशी सरांनी ओडेसाला बोलावून घेतलं.

"तुमच्या भावना पोचल्या मला, बाळ. पण बसायचंच असेल तर कपडे बदलायच्या खोलीत बसा."

"तिथे कोण बघणार, सर?"

"तेच तर म्हणतोय मी."

मग टीव्हीवाले गावात आले आणि दुकानदारांचं मतपरिवर्तन झालं. सरांनी 'एकता रात्र' जाहीर केली. त्या सामन्याला सगळ्यांनी मिळून गुडघे टेकायचे, फोटो काढायचे, वर हॉटडॉग स्वस्तात. पोस्टरवर रशेलचं नाव मात्र नव्हतं. त्याने एकतेला बाधा येते म्हणे.

"माझ्या नावावर हॉटडॉगला मोहरीचा सॉस तरी जास्त मिळेल का, विचार," रशेल म्हणाली. ओडेसाला हसू आलं आणि मग राग आला.

त्या रात्री राष्ट्रगीत सुरू होताच सर गुडघ्यावर बसले, दुकानदार बसले, पोलीसप्रमुख टोपी छातीशी धरून बसले, संघाचं बोधचिन्ह म्हणून वाघाचं सोंग घेतलेला पोरगाही शेपूट सावरत बसला. संघातल्या मुली तेवढ्या ताठ उभ्या राहिल्या.

"ओडेसा, खाली बस," सर दातांतल्या दातांत म्हणाले. "आज परवानगी आहे."

गीत संपेपर्यंत ओडेसा तशीच उभी राहिली. मग पोलीसप्रमुखांकडे वळून म्हणाली, "साहेब, बसलाच आहात तर रशेलची माफी मागा. ती बघा, समोरच उभी आहे."

पोलीसप्रमुखांनी सरांकडे पाहिलं. सरांनी वाघाकडे पाहिलं. माफी कोणीच मागितली नाही. मुली खेळल्याच नाहीत, सामना गेला.

गुडघे न टेकल्याबद्दल शाळेने अख्ख्या संघाला निलंबित केलं. तो हुकूम वर्तमानपत्रात जसाच्या तसा छापून आला आणि राज्यभर लोक पोट धरून हसले. तेव्हा कुठे निलंबन मागे घेतलं गेलं आणि बेड्या घालणारा तो पोलीस रशेलच्या घरी आला. ओडेसा तिथेच होती.

"काही गैरसमज झाला असेल, तर मी दिलगीर आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

रशेलच्या आईने त्याला अजून बस म्हटलं नव्हतं.

"'झाला असेल तर' नाही, झाला," रशेल म्हणाली. "परत म्हणा."

तो दारातच उभा राहिला. मग त्याने मान वर केली आणि परत म्हणाला, या वेळी 'तर' गाळून.