पांढऱ्या अंड्यांची कुंडी

मी एक जुनी मातीची कुंडी आहे, मित्रांनो. कुंडी म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर झाड येईल. पण माझ्यात झाड फार दिवस राहिलं नाही. माझी आठवणीत राहिलेली वर्षं पाण्याखाली, वाळूत आडवं पडून गेली.

यिंगग गावातल्या भट्टीतून मी बाहेर आले तेव्हा माझ्या काठाचा एक टवका उडालेला होता. त्यामुळे इतर कुंड्या उत्तरेकडच्या मोठ्या दुकानांत गेल्या आणि मी दक्षिणेला, पिंगतुंगच्या आठवडी बाजारात आले. तिथे थिएन-लाय नावाच्या गृहस्थांनी मला विकत घेतलं. त्यांच्या बायकोला मोगरा लावायचा होता. तिने माझ्यात मोगरा लावला, तो फुललाही. ती गेली त्या वर्षी त्याला पाणी घालणारं कोणी उरलं नाही. मग मागच्या अंगणात मी पालथी पडले, आणि माझ्याखाली एक बेडूक राहायला आला. कोणीतरी आहे, एवढंच काय ते समाधान.

घरात थिएन-लाय एकटेच उरले. दिवसभर गप्प बसून कंटाळले, तेव्हा त्यांनी पुढच्या खोलीत काचेची टाकी मांडली आणि लाल पोपटमाशांची एक जोडी आणून सोडली. गोल अंगाचे, शेंदरी रंगाचे मासे. त्यांची तोंडं कधी पूर्ण मिटत नसत. शेजारी आ-होक नावाचा मासेपालक राहायचा. त्यानेच ते दिले होते. तो म्हणायचा, "तोंड मिटत नाही म्हणून बघा कसा हसतमुख दिसतो. निवडणुकीच्या आधीच्या पुढाऱ्यासारखा."

मग एके दिवशी थिएन-लायांची मुलगी श्यू-चिन परत आली. जियायी शहरात तिचं सासर होतं. तिथे तिने नऊ वर्षं संसार केला, पण मूल झालं नाही. एका संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा तिची बॅग दाराबाहेर ठेवलेली होती. हे सगळं मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. ती आली त्या दिवशी मागच्या उघड्या दारातून मी एवढंच पाहिलं की म्हाताऱ्या बापाने तिच्या हातातली बॅग घेतली, जिना चढून तिच्या लहानपणच्या खोलीत नेऊन ठेवली, आणि एक अक्षरही विचारलं नाही. फार चांगलं केलं त्यांनी ते. पुढचं सांगताना मी हे विसरत नाही, तुम्हीही विसरू नका.

टाकीतली मादी अंडी घालायला जागा शोधत काच घासतेय, हे पहिल्याच आठवड्यात श्यू-चिनच्या लक्षात आलं. "बाबा, हिला जागा हवीय," ती म्हणाली. अंगणात येऊन तिने मला उचललं, बेडकाला हळूच बाजूला केलं, मला घासूनपुसून उन्हात वाळवलं आणि टाकीतल्या वाळूत आडवं ठेवलं. टवका उडालेली बाजू तिने मुद्दाम खाली केली, माशांना लागू नये म्हणून. माझी इतकी काळजी आधी कोणी घेतली नव्हती.

त्या जोडीने मला घर मानलं. आधी त्यांनी माझ्याभोवतीची वाळू तोंडाने उचलून दूर नेली. तोंड मिटत नसल्यामुळे निम्मी वाटेतच सांडायची, आणि ते पुन्हा मागे यायचे. मग माझ्या आतली भिंत ते ओठांनी घासत राहिले. भट्टीतून निघाले तेव्हाही मी इतकी स्वच्छ नव्हते. मग मादी पोट माझ्या अंगाला टेकवून सावकाश पुढे सरकली आणि तिच्या मागे अंड्यांची एक ओळ उमटली. मधाच्या रंगाची, मोहरीहून लहान अंडी. तिच्या पाठोपाठ नर सरकला. मग दुसरी ओळ, तिच्या शेजारी तिसरी. त्यानंतर मादी आत उभी राहून परांनी अंड्यांना वारा घालू लागली आणि नर माझ्या तोंडाशी पहाऱ्याला बसला. श्यू-चिनचा हात पाण्यात आला की तो धावून जायचा. चावता येत नसलेल्या तोंडाने चावायचा.

दुसऱ्या दिवशी काही अंडी पांढरी पडली, आणि मग सगळीच. पांढरं अंडं म्हणजे मेलेलं अंडं. ती दोघं एकेक पांढरं अंडं वेचून काढायची आणि उरलेल्यांना वारा घालत राहायची, अगदी शेवटचं अंडं जाईपर्यंत. महिनाभराने पुन्हा तेच. पुन्हा वाळू, पुन्हा घासणं, पुन्हा ओळी. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही.

आ-होकने एकदा सगळं समजावून सांगितलं. ही जात माणसाने दोन वेगळ्या जातींचा संकर करून बनवली, तिच्यातले नर बहुतेक वांझ निघतात, असं तो म्हणाला. श्यू-चिन ऐकत होती. तिने विचारलं, "त्यांना माहीत आहे का?" आ-होक हसला आणि म्हणाला, माशाला काय कळतंय. तेव्हापासून पांढरी अंडी बाहेर काढायला ती कोणाला हात लावू देत नसे. त्यांना पुरे वाटेल तेव्हा तीच थांबतील, असं म्हणायची.

दोन वर्षं अशी गेली. मग त्या हिवाळ्यात, नवं वर्ष जवळ आलं असताना, थिएन-लायांची थोरली, बिनलग्नाची राहिलेली बहीण घरी आली. श्यू-चिनची ही आत्या. बोलायला फटकळ, पण वाईट नव्हती. टाकीसमोर उभी राहून ती भावाला म्हणाली, "वर्ष दाराशी आलंय आणि तू घरात ही पांढरी अंडी मांडून बसलायस. पांढरा म्हणजे सुतकाचा रंग. कोण गेलंय म्हणायचं लोकांनी?" धडधाकट नर आण, पिल्लं होऊ देत, घरात चार चांगल्या गोष्टी घडतील, असं तिने सुचवलं. मग आवाज उतरवून दुसरी गोष्ट काढली. वर्षाच्या शेवटच्या रात्रीचं जेवण हे घरच्या माणसांचं. एकदा सासरी दिलेली मुलगी, परत आलेली असली तरी, त्या पंगतीला बसली तर भावाचं नशीब खाते, असं जुनी माणसं मानतात. दोन वर्षं कोणी काही बोललं नव्हतं. पण आता श्यू-चिनचा धाकटा भाऊ चुन-हुंग काओशुंगहून बायकोपोरांना घेऊन येणार होता, आणि त्याचं दुकान नीट चालत नव्हतं.

थिएन-लायांनी दोन्ही गोष्टी केल्या.

आ-होककडून दुसऱ्या जातीचा, पट्टेरी नर आला. माझ्या तोंडाशी पहारा देणारा जुना नर जाळीने उचलून बादलीत ठेवला. पिल्लं झाली की त्याला परत सोडायचं, असं ठरलं. श्यू-चिनने बादली स्वतःच्या खोलीत नेली. लाल पोपटमाशाला थंडी सोसत नाही, म्हणून तिने बादलीवर रात्रंदिवस दिवा लावून ठेवला. रोज ती टाकीतलंच पाणी काढून त्याला घालायची.

मग वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी थिएन-लाय मुलीला म्हणाले, "स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये खोली सांगितलीय मी. एका रात्रीचा तर प्रश्न आहे, पोरी."

श्यू-चिन टाकीची काच पुसत होती. तिने फडकं पिळलं आणि ती हो म्हणाली. दिवा मालवू नका, एवढं मात्र तिने जाताना दोनदा सांगितलं.

संध्याकाळी थंडीची लाट आली. पिंगतुंगला इतकी थंडी क्वचितच पडते. चुन-हुंगच्या मुलांना श्यू-चिनची खोली दिली होती, आणि मुलं बादलीत हात घालतील म्हणून आत्याने ती उचलून मागच्या अंगणात ठेवली. थिएन-लाय तेव्हा वाफाळलेल्या ताटल्या घेऊन चालले होते. त्यांना बादली दिसली. जेवण झालं की आत घेऊ, असं ते पुटपुटले. मी ऐकलं.

पण नेमकं त्याच रात्री जेवताना माझ्या भिंतीवर हालचाल झाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्या अंगावरची अंडी पांढरी न पडता त्यांतून पिल्लं निघाली. इवल्या शेपट्या माझ्या भिंतीला चिकटून वळवळत होत्या. मुलं ओरडली, सगळे टाकीभोवती गोळा झाले. थिएन-लायांचे डोळे भरून आले. मित्रांनो, खरं सांगते, मलाही फार आनंद झाला. त्या आनंदात बादलीची आठवण कोणालाच राहिली नाही, मलासुद्धा.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात. श्यू-चिन आणखी एक रात्र लॉजवरच राहिली आणि त्या दिवशी आली, पाहुणीसारखी, संत्र्यांची पिशवी घेऊन. वडिलांनी तिचा हात धरून टाकीपाशी आणलं. ती पिल्लांकडे बघून हसली. मग वर खोलीत गेली. मग मागच्या अंगणात गेली. परत आली तेव्हा तिच्या हाताला थंड पाणी लागलं होतं आणि ते ती पुसत नव्हती.

"त्याचाही एकाच रात्रीचा प्रश्न होता, बाबा," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. श्यू-चिनने नराला जिथे पूर्वी मी मोगरा घेऊन उभी असायचे तिथे पुरलं, सगळ्यांसाठी चहा केला, आणि महिन्याभरात ताइचुंगला एका बेकरीत काम धरून निघून गेली. या वेळी बॅग तिने स्वतःच खाली आणली.

पिल्लं मोठी झाली, लोकांनी मागून नेली. पट्टेऱ्याला माझी गरज नव्हती, तो वाळूत खड्डे करायचा. मादी मात्र अधूनमधून माझ्यात येऊन उभी राहायची. पुढच्या उन्हाळ्यात ती मेली. पट्टेरी आ-होककडे परत गेला, टाकी रिकामी झाली. थिएन-लायांनी मला बाहेर काढलं, पुसलं आणि टेलिफोनशेजारी खिडकीत ठेवलं. माझ्यात त्यांनी काही लावलं नाही.

पुढचं वर्ष संपत आलं तेव्हा त्यांनी बहिणीला आणि मुलाला कळवलं की शेवटच्या रात्री श्यू-चिन जेवायला असेल, ज्याला चालत नसेल त्याने येऊ नये. त्या घरात मी त्यांचा इतका ठाम आवाज कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी ताइचुंगला फोन लावला. मी अगदी शेजारीच होते.

"शेवटच्या रात्रीच ये," ते म्हणाले. "तुझी खोली झाडून ठेवलीय."

पलीकडे बेकरीतले ट्रे एकमेकांवर ठेवल्याचा आवाज आला.

"दुसऱ्या दिवशी येते, बाबा," ती म्हणाली. "लेकींचा दिवस तोच ना."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. थिएन-लाय हो हो म्हणाले, तिकडे थंडी असेल, अंगात गरम घाल म्हणाले, आणि रिसीव्हर हातातच धरून बसले. वर्षाच्या शेवटच्या रात्री बाकीचे सगळे आले. पंगतीत एक वाटी रिकामी होती, आणि आत्यानेच त्या वाटीत भाजी वाढली.

मित्रांनो, मी मातीची आहे, मला फार कळत नाही. पण इतकी वर्षं माझ्या पोटात ती दोघं जे राखत बसली, ते राखणं खोटं नव्हतं. तुमच्या घरच्या टाकीतली अंडी पांढरी पडली, तर त्यांची जोडी मोडू नका. त्यांना वारा घालू द्या, पहारा देऊ द्या. आणि कोणाला थोड्या वेळापुरतं म्हणून बाहेर ठेवलेलं दिसलं, तर हातातली ताटं आधी खाली ठेवा आणि त्याला आत घ्या. जेवण मग करा.