क्रूसाखालचा मुका

आमच्याकडे डोंगराच्या माथ्यावर पोचलं की तिथल्या क्रूसाला हात लावायचा, बरोबरच्यांशी हात मिळवायचा आणि बायका-पुरुषांनी एकमेकांचा एक मुका घ्यायचा. रीत आहे. तिचा अर्थ लावत बसायचं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात बुर्गीने माझा घेतला. ओठांवर. मी इतका लाजलो की पाठ फिरवून दोर गुंडाळत बसलो.

आणि तेव्हापासून स्वतःला बजावतोय, वेंडेल, रीत होती ती.

बुर्गी खिंडीपलीकडच्या मुक्कामाच्या घरात कामाला. डोंगर चालणाऱ्यांना सूप वाढायचं, गाद्या घालायच्या. मी खिंडीच्या अलीकडच्या घरात, तेच काम. मधे एका दिवसाची चाल, अख्ख्या वाटेवरचा सगळ्यात नकोसा टप्पा. हा पूर्ण उन्हाळा मी त्या खिंडीकडे बघत भांडी घासली. गेलो मात्र नाही. काय म्हणून जाणार?

आज तिचं घर हिवाळ्यासाठी बंद होणार होतं. दुपारी ती पलीकडच्या दरीत उतरणार, तिथून नॉर्वेला, हॉटेलात नोकरी. तिचा मामा कासियान तिथलं उरलेलं चीज आणायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, ओझ्याला मी येतो.

उजाडताच निघालो. सुट्या दगडांचा घसारा सुरू झाला. एक पाऊल वर, अर्धं खाली.

"चीज आणायला चाललायस की माझ्या भाचीला?" मामा म्हणाला.

"चीज."

"मग दाढी कशाला केलीस? चीज काय बघतंय तुझं तोंड?"

मी चार पावलं चढलो. मग राहवलं नाही. "मामा, ती रीतच होती ना? गेल्या वर्षीची. माथ्यावरची."

मामा काठी रोवून थांबला. "तू अजून तिथेच आहेस?"

"सांग ना."

"अरे गाढवा, मी तिचा सख्खा मामा. मला तिने कोरडा हात दिला. बेकरीवाल्या मार्टिनने तर गाल पुढे केला होता, त्यालाही हात. तुझा एकट्याचाच घेतला."

"हे आत्ता सांगतोयस?"

"मला वाटलं, तुला डोळे आहेत."

तेव्हा मी दोर गुंडाळत होतो. मला काहीच दिसलं नव्हतं.

त्यानंतर मी चाललो नाही, धावलोच. मामा मागून शिव्या घालत होता. कातळ आला, धरून चढायचा लोखंडी दोर आला, आणि नेमका तिथे मामाचा गुडघा गेला. एका पायावर, दोराला लटकून, घामाघूम.

"तू हो पुढे. ती दुपारी निघेल."

"गप बस. दोरावर सोडून जातात का कोणी?"

"नाही जात," मामा म्हणाला. "पण म्हणायला लागतं."

मग त्याच्या खाली राहून मी त्याचा एकेक पाय हाताने उचलून खाचेत ठेवला. पाय, हात, दोर. पुन्हा पाय. ऊन डोक्यावर आलं, सरकलंसुद्धा. मामाचा बूट धरून मी मनात एकच म्हणत होतो, अजून थोडं थांब, बुर्गी. तिच्या हाताला कांद्याचा वास असायचा. तो वास मला तिथे, त्या उघड्या कातळावर आला. खरंच आला.

खिंडीत पोचलो. पलीकडे, खूप खाली, ते घर. खिडक्यांच्या झडपा बंद. काठीवरून झेंडा खाली येत होता. झेंडा उतरला की संपलं, घर बंद. कोणीतरी त्याची घडी केली, आत ठेवून आलं, सॅक पाठीला लावली आणि दरीत उतरणाऱ्या पूर्वेच्या वाटेला लागलं.

चाल मी ओळखली.

"ओरड!" मामा म्हणाला.

मी ओरडलो. वारा उलटा होता.

"सॅक टाक. इथून खाली साधी वाट आहे, मी येतो सरपटत. तू घसाऱ्यातून जा. पळ!"

मी सॅक टाकली. टाचा रोवत, दगडांबरोबर घसरत निघालो. धूळ, खडखडाट, तोंडात माती. मधेच मान वर केली. तिचा ठिपका ओढ्यापाशी थांबला होता. माझा आवाज ऐकून, की नुसती बुटाची नाडी बांधायला, ते पळता पळता कळत नव्हतं.