मालनबाईची शॉकअपची सायकल

रांजणगावच्या एका कंपनीत नवी मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. सहा महिने तो आणि खंडू एकाच लेथवर होते. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण घडवलेला जॉब मापात उतरला की दोघं एकदमच हसायचे. २००३च्या दिवाळीनंतर तो परत निघाला, तेव्हा स्वतःची सायकल त्यानं खंडूच्या हातात दिली आणि पाठीवर थाप मारून गेला.

खंडूनं ती कंपनीच्या बसच्या टपावर टाकून मांडवगणला आणली. जाड दातेरी टायर, पुढंमागं गिअर, आणि पुढच्या चिमट्याला मोटरसायकलसारखे शॉकअप. मागं मात्र काही नाही, साध्या सायकलीसारखी कडक. खंडूनं हँडलवर सगळा भार टाकून बघितला. शॉकअप तसूभर दबले नाहीत.

गुरुवारच्या सुट्टीत अंगणात पोतं अंथरून त्यानं ते उघडले. आत स्प्रिंग नव्हतीच. रबराचे गोल तुकडे एकावर एक बसवलेले, आणि ते वाळून दगड झाले होते. फोरमनला विचारून त्यानं भंगारातून पिवळ्या रबराचा एक दांडा घेतला, लेथवर मापात उतरवला, तुकडे पाडून आत बसवले. आता हँडल दाबलं की चिमटा खाली जाऊन वर यायचा. खंडूनं गावात दोन फेऱ्या मारल्या आणि सायकल भिंतीला लावून ठेवली. त्याला करण्यात गोडी होती, फिरण्यात नव्हती.

"मी बसू का येकदा?" त्याच्या बायकोनं, मालनबाईनं विचारलं.

मालनबाई बेचाळीस वर्षांची. मेंढरांमागं वाढलेली. खंडूच्या घरानं मेंढरं विकून शेती धरली त्याला पंधरा वर्षं झाली होती, तिच्या माहेरची मेंढरं मात्र अजून रानोमाळ फिरत होती.

"तुला कवा येती सायकल?" खंडू म्हणाला.

"ल्हान असताना दूधवाल्याची घ्यायची, दांडीखालनं पाय घालून. आता वरनं घालीन."

कासोटा आवळून ती बसली. दहा हातांवर पडली. उठली, परत पडली. तिसऱ्या खेपेला विहिरीपर्यंत जाऊन आली. लुगड्याचा काठ चेनमध्ये जाऊन फाटला होता आणि ती तोंडभर हसत होती.

"पन हातास्नी मुंग्या आल्या. तुमचं रबर लय कडक हाय."

"माझ्या हाताखाली तर दबतंय."

"तुमी ऐंशी किलोचं. मी केवढी हाय?"

खंडूला हे सुचलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यानं मऊ रबराचे तुकडे केले, चेनवर पत्र्याचं कव्हर बसवलं आणि सीट दोन बोटं खाली घेतली. मग रोज संध्याकाळी मालनबाई नदीकडच्या वाटेनं जायची आणि आल्यावर खंडूला सांगायची: आज हे वाजलं, आज ते अडलं. चढाला सगळ्यात हलका गिअरसुद्धा जड पडतो म्हणाली, तेव्हा त्यानं मिलिंग मशीनवरच्या दोस्ताला गळ घालून बावीस दात्यांचं लहान चक्र पाडून घेतलं आणि पुढं चढवलं. पाय दुप्पट फिरवावे लागायचे, पण चढ मुकाट्यानं खाली यायचा.

एकदा दळण आणायला दोघं गिरणीत गेले होते. शेजारची रंगुबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "मालने, ह्या वयात सर्कशीत जायाचं हाय व्हय?"

"न्हाई. आयकडं जायाचं हाय," मालनबाई म्हणाली.

खंडू चमकला. दळण घरी आणून टेकवलं. मग म्हणाला, "आयकडं जायाला यस्टी हाय की."

"यस्टी केडगावपातुर. फुडं डोंगरावर कोन नेतं? चालत गेलं की एका दिसात परतनं हुत न्हाई. मग गुरं, पोरांचं डबं, सगळंच अडतं. दादाचा मेंढरांचा वाडा आज हितं, उद्या तिथं, आन् म्हातारी तर मेंढरं सोडून येत न्हाई. वर्सातनं येकदा भेट हुती माझी. किती वर्सं राहिली तिची?"

एवढी वर्षं आपण हे विचारलं नाही, याचं खंडूला वाईट वाटलं. "बेस्तरवारी सुट्टी हाय, तवा जाऊ," तो म्हणाला. "मी बी येतो."

जानेवारीतल्या थंडीत तांबडं फुटताच दोघं निघाले, ती शॉकअपच्या सायकलीवर आणि तो आपल्या जुन्या काळ्या सायकलीवर. भीमेचा पूल ओलांडला, उसाच्या गाड्या चुकवल्या, केडगावात चहा घेतला. हायवेपलीकडं डोंगराच्या पायथ्याला डांबर संपलं. पुढं सैल मुरमाची चढण होती. खंडूची सायकल पहिल्याच वळणावर जागच्या जागी घसरली.

"तुमी हितंच सावलीला बसा," मालनबाई म्हणाली.

"येकटी जानार?"

"ह्या माळावर मी येकटीनं शंभर मेंढरं वळल्यात."

ट्रॅक्टरची वाट सरळ वर चढत होती. तिनं ती सोडली. मेंढरं कधी सरळ चढत नाहीत, डोंगराच्या अंगावरून तिरकी जातात, हे तिला ठाऊक होतं. त्या तिरक्या पाऊलवाटेला तिनं सायकल घातली, लहान चक्रावर चेन टाकली आणि हँडलवर वाकून बारीक बारीक पायडल मारत राहिली. छाती फुटायची वेळ आली. पण पाय टेकला नाही.

माथ्यावर वारा होता. लेंड्या दिसल्या, ओल्या, सकाळच्याच. त्यांच्या मागानं ती निघाली. उतारावर मागचं चाक दगडांवरून उसळून सीट लाथा मारू लागली, तशी ती पायडलवर उभी राहिली, गुडघे सैल सोडले आणि सायकल खालच्या खाली नाचू दिली. फार सोपं वाटलं. तेवढ्यात पुढचं चाक घळीत गेलं आणि ती हँडलवरून पलीकडं पडली. कोपर सोलपटलं. हँडल वाकडं झालं होतं. तिनं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं, कोपरावर माती दाबली आणि पुन्हा बसली.

वाड्याची कुत्री आधी धावून आली. मालनबाई खाली उतरली, सायकल आडवी धरली आणि लहानपणीची हाळी घातली. थोरला भाऊ रखमाजी काठी घेऊन पळत आला आणि दहा पावलांवर थबकला.

"मालन? कशावर आलीस गं?"

त्याच्यामागून त्यांची आई बयाबाई आली, कमरेत वाकलेली, डोळ्यांवर हात धरून. लेकीला ओळखल्यावर तिनं आधी कोपर बघितलं, मग सायकल.

"घरनं हिच्यावर आलीस?"

"व्हय आय. घरनं."

म्हातारीनं हँडल दाबून बघितलं. चिमटा खाली बसला आणि वर आला. तिनं परत दाबलं. "बसतंय की गं हे!" आणि मग हळूच, रखमाजीकडं न बघता, "मला बशीव की."

रखमाजीनं हँडल धरलं, मालनबाईनं आईला उचलून सीटवर ठेवलं. काहीच भार नव्हता तिचा. दोघं सायकल ढकलत मेंढरांच्या कडेनं वीस पावलं चालले आणि बयाबाई लहान पोरीसारखी खिदळत राहिली. मग भाकरी झाली, मेंढीच्या दुधाचा चहा झाला, गेल्या वर्षाचं बोलणं झालं. निघताना म्हातारी रडली नाही. एरवी रडायची.

"परत कवा?" तिनं विचारलं.

"फुडल्या बेस्तरवारी."

"वाडा हलला तर?" रखमाजी म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "वाटंवर तीन दगडं ठिवीन. मोठा ज्या अंगाला, तिकडं ये."

खंडू पायथ्याशी उन्हात उभा होता. सावली केव्हाच सरकली होती. वरून येणारी धूळ दिसली तसा तो पुढं धावला. मालनबाई त्याला ओलांडून वीस हात पुढं गेली, मग पाय घासत थांबली.

"ब्रेक धरत न्हाईत उतरनीला," ती धापा टाकत म्हणाली.

"कोपराला काय झालं?"

"पडले. आय सायकलीवर बसली. अवो, आय बसली सायकलीवर!"

खंडूनं चाक उचलून फिरवून बघितलं, बोटानं ब्रेकचं रबर चाचपलं. निम्मं झिजलं होतं. "नवं रबर बेस्तरवारपातुर हुईल," तो म्हणाला. दोघं केडगावच्या रस्त्याला लागले. ती पुढं होती, आणि आईनं काय काय विचारलं ते मागं वळून वळून त्याला सांगत होती.